तुमची तारीख तीच आमची तारीख

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी किती पत्रांचे मसुदे केले याची गणती नाही. त्यातलं एकच वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं, आणि तेही राहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मी जळगावला एका विद्यापीठात सहायक कुलसचिव आहे. या पदावरचा माणूस नेमकं करतो काय, हे मला बायकोलासुद्धा नीट समजावता आलेलं नाही. मी म्हणतो, "पत्रं लिहितो." ती म्हणते, "मग पोस्टात का नाही लागलात? निदान ती पोचली तरी असती."

तर दिवाळीनंतर एका बैठकीत कुलगुरूंनी जाहीर केलं, की यंदाच्या पदवीदानाला दिल्लीहून मोठा नेता बोलवायचा. कोण, ते त्यांनी सांगितलं, आणि बैठकीतली सगळी माणसं खुर्चीत सरळ बसली. दुसऱ्यांदा नाव निघालं तेव्हा पुन्हा सरळ बसली. पुढे पाठदुखी टाळायला नुसतं 'ते' म्हणायची पद्धत पडली. कुलसचिव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मसुदा यांना द्या. यांच्या लेखणीत साखर आहे." साखर माझ्या रक्तातही आहे. ती बहुधा लेखणीतूनच उतरली असावी.

आमच्या खानदेशात लग्नाला पुढारी बोलवायची एक रीत आहे. पुढाऱ्याला तारीख सांगायची नसते, त्याला तारीख विचारायची असते. तो म्हणेल तो दिवस, तो येईल तो मुहूर्त. नवरानवरी पाटावर बसून राहतात, भटजी घड्याळ पालथं घालतात, मंडपात माइकवाला "हॅलो, हॅलो" करत राहतो, आणि पुढारी येऊन चार शब्द बोलल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट ज्याच्या लग्नाला पुढारी उशिरा येतो, त्याची इभ्रत मोठी, कारण लवकर येतो तो रिकामा पुढारी.

हीच रीत मी उचलली. पत्र हिंदीत होतं, पण त्याचा शेवट अस्सल खानदेशी: 'तुमची तारीख तीच आमची तारीख.' लिहून झाल्यावर मी ते वाक्य स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. शिपायालाही दाखवलं. तो म्हणाला, "झकास साहेब, लग्नासारखं वाटतं." तेव्हाच थांबायला हवं होतं.

पदवीदान जानेवारीत ठरलेलं होतं. दिल्लीहून उत्तर आलं, की निमंत्रण तत्त्वतः स्वीकारलं आहे, तारीख यथावकाश कळवण्यात येईल. कुलगुरूंनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले. त्यातला एक चावता चावता माझ्या डोक्यात आलं, की आता जानेवारीचं काय? तत्त्वतः आलेल्या पाहुण्याला टाकून कार्यक्रम उरकता येत नाही, आणि यथावकाश हा काही महिना नव्हे. पदव्यांच्या कागदांवर जानेवारीची तारीख छापून झाली होती. ते सगळे गठ्ठे परीक्षा विभागाच्या बोळात एकावर एक रचले गेले. त्या बोळातून जाताना लोक मला वाट देत आणि वर म्हणत, "या, तत्त्वतः या."

इथपर्यंत ही गंमतच होती. पण त्या गठ्ठ्यांत एक कागद माझ्या बहिणीचा होता.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. धुळ्यात असते. दहावीत असताना तिचं लग्न झालं, पुढचं सगळं शिक्षण तिने सासरी चूल सांभाळून बाहेरून परीक्षा देत केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, निवृत्त झाली, आणि लोक निवृत्तीनंतर काशीला जातात तशी ती पीएच.डी.ला गेली. विषय होता गावोगावच्या शाळांच्या जुन्या रजिस्टरांतून मुलींची नावं कधी आणि का कमी झाली. पाच वर्षं ती धुळे, साक्री, शिरपूर अशी एसटीने हिंडली आणि शाळांच्या कपाटांतली धूळ खात राहिली. आमच्या गावच्या शाळेत, चाळीसगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या खेड्यात, तिला तिचंच नाव सापडलं. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'वडिलांच्या विनंतीवरून.'

तिने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "विनंती बघ. किती सभ्य माणूस."

तो सभ्य माणूस, म्हणजे आमचे आबा, आता अठ्ठ्याऐंशीचे. अक्काकडेच राहतात. अक्काला पीएच.डी. जाहीर झाली तेव्हा ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मी डॉक्टर व्हयनू." आबा म्हणाले, "मीच तुले शाळामातीन काढं. आते मीच जाईसन दखसू." मीच काढलं, आता मीच जाऊन बघणार. एवढं बोलून त्यांनी धोतराचा नवा जोड काढायला सांगितला.

अक्काला एवढंच हवं होतं. पदवीचा कागद पोस्टाने घरी येतो, तो तिला चालला असता. पण आबांनी समोर खुर्चीवर बसून तो तिच्या हातात पडताना बघावा, ही तिची एकमेव मागणी. आणि तिला घाई होती. कारण आबांचं विसरणं सुरू झालं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे आता थांबणार नाही, ओळख महिन्या-महिन्याने कमी होत जाईल.

"तारीख लवकरची ठेवा रे भाऊ," ती फोनवर म्हणाली. "आबा आज मला ओळखतात. होळीला ओळखतील का, माहीत नाही."

"बघतो अक्का. दिल्लीच्या हातात आहे," मी म्हणालो. दिल्लीच्या हातात कुणी दिलं, ते काही मी बोललो नाही.

जानेवारी तसाच गेला. फेब्रुवारीत दिल्लीहून एक तारीख आली. आम्ही मंडप घातला. चार दिवस आधी ती तारीख परत गेली, अधिवेशन लांबलं म्हणून. मी शुद्धिपत्रक काढलं. मार्चात दुसरी तारीख आली आणि तीही गेली. मी शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक काढलं. दर वेळी धुळ्यात अक्का आबांची दाढी करवून घ्यायची, टोपी धुवून ठेवायची, आणि दर वेळी माझा फोन जायचा. पहिल्या वेळी आबांनी विचारलं, "कब्बय जानं शे?" कधी जायचंय? दुसऱ्या वेळी विचारलं, "कोठे?" कुठे?

मग कुलगुरूंनी मलाच दिल्लीला पाठवलं. मी गेलो तो जळगावची केळी आणि भरिताची वांगी घेऊन. नेत्याच्या कार्यालयात केळ्यांची पेटी घेऊन जाणं हा मूर्खपणा आहे हे मला प्रवासात कळलं, कारण केळी भुसावळला हिरवी होती आणि दिल्लीला काळी. दारावरच्या सुरक्षावाल्याने पेटी यंत्रातून काढली, पडद्यावर वांगी बघून त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघांनी मिळून माझी वांगी ताब्यात घेतली. वांग्यांची पावती मिळाली नाही.

आत एक सचिव भेटले. अतिशय सौम्य माणूस. माझंच पत्र त्यांच्यासमोर होतं, आणि त्या वाक्याखाली कुणीतरी पेन्सिलने रेघ मारली होती. मी सांगितलं, की पाच हजार पोरं खोळंबली आहेत, काही म्हातारी माणसं आहेत, काही अडचणी आहेत. ते हसून म्हणाले, "लेकिन तारीख तो आपने हम पर छोड़ी है ना? कितनी सुंदर बात लिखी है. ऐसा कोई लिखता नहीं आजकल."

मी त्यांना धन्यवाद दिले. खरंच दिले. माझ्या वाक्याची आजवर कुणी इतकी तारीफ केली नव्हती.

परत येताना मी जळगावला न उतरता चाळीसगावला उतरलो आणि धुळ्याची बस धरली. एप्रिल लागला होता. अक्काच्या ओट्यावर आबा बसलेले. मी पाया पडलो, तर ते घाईघाईने उठायला लागले आणि म्हणाले, "बसा साहेब, बसा." मला तिथेच काहीतरी व्हायला हवं होतं. दात काढताना सुई देतात, मग ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं माझं. मी साहेबासारखा बसलो. पाणी प्यालो.

अक्का कैऱ्या चिरत होती. मी म्हणालो, "अक्का, तुला एक सांगायचंय. ती तारीख…"

"तुमची तारीख तीच आमची तारीख," ती मान वर न करता म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुमच्या ऑफिसातल्या एकानं पत्राचा फोटो सगळ्यांना पाठवलाय. फिरत फिरत माझ्याकडेही आला. वाचला आणि म्हटलं, घ्या, वाक्य घरातच राहिलं."

"घरातच म्हणजे?"

"तुला काय वाटलं, तू रचलंस? ते आबांचं आहे. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांना तालुक्याचा पुढारी आणायचा होता. घरात अक्षर बरं माझंच. मला बसवलं आणि सांगितलं, लिही. तुमची तारीख तीच आमची तारीख. मी लिहिलं. माझ्याच लग्नाचं."

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. लग्नातलं मला फक्त जिलेबी आठवते. बाकीचं अक्कानं सांगितलं, कैऱ्या चिरत, फोडी ताटात टाकत. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता. पुढारी येतो म्हणून निरोप आला होता. नवरीला लग्न लागेपर्यंत उपास असतो. साडेबाराचे दोन झाले, दोनाचे चार. ती पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, आतल्या खोलीत बसलेली. आई एकदा गुळाचा खडा घेऊन आली तर आत्यानं अडवलं. संध्याकाळी गायी परतल्या तेव्हा आबांनी आशा सोडली आणि लग्न लावलं. पुढारी आलाच नाही. अक्काला अक्षतांच्या वेळी चक्कर आली, तर बायका म्हणाल्या, लाजते.

"मग तू आबांना कधी काही म्हणाली नाहीस?"

"काय म्हणणार? शाळेचं म्हणायचं की उपासाचं? एकच म्हणायचं ठरवलं, शाळेचं. तेही आता तुझ्या पाहुण्याच्या हाती." तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. "मीठ लाव जरा."

मी मीठ लावलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि मग तेही वाटेनासं झालं.

शेवटची तारीख मेमध्ये आली. जळगावचा मे म्हणजे माणूस सावलीतही भाजतो, पण पाहुण्याला तो सोयीचा होता. ते प्रत्यक्ष येणार म्हणून पोलिसांनी नियम लावले: स्नातकांनी सकाळी सहाला जागेवर बसायचं, पाणी-खाणं आत न्यायचं नाही, एकदा बसल्यावर उठायचं नाही. पीएच.डी.वाल्यांना सोबत एक माणूस आणायची मुभा. अक्का आदल्या दिवशीच आबांना घेऊन माझ्याकडे आली होती. पहाटे तिने ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधला, आणि डबा माझ्या गाडीत ठेवला. "नंतर खाऊ," म्हणाली.

आठ वाजता फोन आला. ते येत नाहीत. पडद्यावरून बोलतील.

मी हे कुलगुरूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पडदा आहे का आपल्याकडे?" पडदा मागवला. लग्नाच्या मांडववाल्याकडूनच आला. त्याच्या कडेला सोनेरी झालर होती आणि खाली लिहिलेलं 'शुभमंगल' आम्ही झेंडूच्या माळांनी झाकलं.

नऊचा कार्यक्रम. साडेदहा झाले तरी पडद्यावर एक रिकामी खुर्ची आणि मागे पुस्तकांचं कपाट एवढंच दिसत होतं. समोर पोरं उपरणी घालून घामाघूम बसलेली. पीएच.डी.च्या रांगेत अक्का, केशरी उपरण्यात, सरळ, हलत नव्हती. मी कामावर होतो, पण माझं काम आता वाट बघण्याचं होतं, आणि ते बसूनही होतं. म्हणून मी आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो.

आबांनी मंडप बघितला. केळीचे खांब बघितले. झेंडू, उपरणी, झालरीचा पडदा, माइकवाल्याचं "हॅलो, हॅलो." मग माझ्याकडे वळले आणि विचारलं, "साहेब, कोनं लगीन शे?"

आता शहाण्या माणसाने इथे समजावून सांगितलं असतं, की आबा, हे लग्न नाही, पदवीदान आहे, ती बघा अक्का, डॉक्टर झाली. मी पाच महिने शुद्धिपत्रकं काढत होतो. माझ्यात आणखी एक काढायची ताकद नव्हती.

"तुमच्या पोरीचं," मी म्हणालो.

आबांनी मान डोलावली. जरा वेळाने अक्काच्या रांगेकडे बघितलं आणि विचारलं, "मंग बसेल काब्र शेतस?" का बसलेत सगळे?

"पाहुणा यायचाय आबा. मोठा पुढारी. थोडी वाट बघू."

आबांच्या हातातली काठी जमिनीवर हळूहळू आपटत होती. मला वाटलं झोप येतेय. आणि मग अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस काठीवर जोर देऊन उठला, थेट मंचाकडे तोंड करून उभा राहिला, आणि शेतातून गड्याला हाक मारावी तशा आवाजात ओरडला:

"आते बस! त्यानी वाट नका दखू! मनी पोर सकायपाईन उपाशी शे! लगीन लावी टाका!"

आता पुरे, त्याची वाट बघू नका, माझी पोर सकाळपासून उपाशी आहे. मग मागच्या पोरांनी अशी शिट्टी मारली आणि अशा टाळ्या पिटल्या, की पडद्यामागचा माणूस दचकून वायर तपासायला लागला. कुलसचिव माझ्याकडे धावले. "कोण आहेत हे? सिनेटचे का?" मी म्हणालो, "माझे वडील." ते म्हणाले, "अरे देवा," आणि परत धावले.

मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. अक्काकडे बघायचं धाडस नव्हतं, तरी बघितलं. ती रांगेत बसली होती आणि आबांकडे बघत होती. तिचं तोंड जरासं उघडं होतं. नुसती बघत होती.

कुलगुरू माइकशी आले. घसा साफ केला. म्हणाले, "ज्येष्ठांची सूचना योग्य आहे. आपण पदव्या देऊन घेऊ. भाषण नंतर होईल." आमच्या विद्यापीठात हा क्रम कधी असा उलटा झाला नव्हता. मी तो टिपणीत लिहून मंजूर करून घेतला असता तर तीन महिने लागले असते.

पीएच.डी.वाले आधी. अक्काचं नाव पुकारलं. ती मंचावर चढली, कागद घेतला, वाकून नमस्कार केला आणि उतरली. सगळं मिळून अर्धा मिनिट. आबा उभेच होते. त्यांनी खुर्चीला बांधलेल्या माळेतून झेंडूच्या पाकळ्या ओरबाडल्या आणि तिच्या दिशेने फेकल्या. अक्षता म्हणून. त्या पुढच्या रांगेतल्या एका प्राचार्यांच्या टकलावर पडल्या. त्यांनी त्या सावकाश झटकल्या.

अक्का खाली येऊन आमच्यापाशी थांबली. हातातला कागद तिने आबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "जेवनी का?"

"नही आबा."

"मंग चाल."

मी दोघांना बाहेर घेऊन गेलो. उठायची मनाई होती, पण आता कुणी काही बोलत नव्हतं. वाहनतळापाशी कडुलिंबाखाली माझी गाडी होती. अक्काने बोनेटवर डबा उघडला, तर बोनेट तव्यासारखं तापलेलं, म्हणून मी पदवीचा कागद खाली घालायला पुढे केला. तिने माझ्या हातावर चापट मारली. मग माझा रुमाल घातला.

"अक्का," मी म्हणालो, "त्यांना मी लग्न म्हणून सांगितलं. चुकलंच. तुला पाहिजे होतं ते त्यांनी बघितलंच नाही."

ती भाकरी मोडत होती. "नाही बघितलं," ती म्हणाली. ठेचा भाकरीवर पसरला. "पण दुसरं राहिलं होतं ते म्हणाले. मी ते मागितलंही नव्हतं." मग ठेच्याचं बोट माझ्यापुढे केलं. "खा. तुला साखर आहे, उपाशी राहू नको."

मी खाल्लं. ठेचा तिखट असणार. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्या नाही.

तेवढ्यात मंडपावरचे भोंगे खरखरले आणि त्यांतून तो आवाज सुरू झाला, जो आणायला मी पाच महिने, चार तारखा आणि एक पेटी केळी घालवली होती. टाळ्या झाल्या. ते काय बोलले हे मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र लिहिताना मी वर्तमानपत्रातून मुद्दे घेतले. पाणी सोडून सगळ्या विषयांवर बोलले होते म्हणे.

आबांनी कान टवकारले. भोंग्याकडे बोट करून अक्काला विचारलं, "तो ऊना का?" आला का तो?

"ऊना आबा," अक्का म्हणाली. "बोली ऱ्हायना."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला.

"बोलू दे त्याले. तू जेव."